खिडकीतून आलेला हात

“रिपोर्ट स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. “ॲलर्जीच्या तपासणीत दूध, अंडं, शेंगदाणे, कशालाच काही निघालं नाही. सिलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, अँटीबॉडीही नाही. आणि तेच मला पटत नाहीये. रक्तात लोह कमी, पोट फुगलेलं, वजन वर्षभर जागचं हललेलं नाही. तुमची मुलगी रोज गव्हाचं खात होती ना?”

“रोज. दुपारी पावाचे दोन तुकडे. सासूबाई देतात.”

“तुमच्यासमोर?”

मुलीची आई दुपारी कामावर असे. ती विजेचे मीटर तपासणाऱ्या कार्यशाळेत तपासनीस होती. भार न जोडता मीटर तपासला, तर तो शून्यच दाखवतो. मीटर चांगला की बिघडलेला, ते त्या शून्यावरून कळत नाही, हे तिला कोणी समजावण्याची गरज नव्हती. गहू पोटात गेला नाही, तर त्याच्याविरुद्धची अँटीबॉडीही रक्तात सापडत नाही. मध्यंतरी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने मुलीचा गहू बंद केला होता, तेव्हा डॉक्टरांनीच तिला थांबवले होते. खात्री झाल्यावाचून जन्माचे पथ्य लावू नका. आधी दीड महिना गहू खाऊ द्या, मग रक्त तपासू, असे त्या म्हणाल्या होत्या.

“घरी नीट चौकशी करा,” डॉक्टर आता म्हणाल्या. “खरंच खात असेल, तर मला दुसरीकडे शोधावं लागेल. खात नसेल, तर हा रिपोर्ट म्हणजे कोरा कागद आहे. आजार असला, तर तो आतून पोखरत राहील आणि आपण निर्धास्त राहू.”

चौकशी कोणाची करायची, हे आईने दवाखान्याचा जिना उतरतानाच ठरवले होते.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत. मुंगीचा गहू पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी सासूबाई फणकारल्या होत्या, “जे खाल्लं की लेकरू कळवळतं, तेच त्याच्या तोंडात कोंबायचं? हे कुठलं शास्त्र?” आईने निक्षून सांगितले होते, “एक घाससुद्धा कमी करायचा नाही, आई.” त्यावर सासूबाई नुसत्या “बरं” म्हणाल्या होत्या. ते “बरं” तिच्या मनात तेव्हापासून कुसळासारखे रुतून बसले होते.

आता एकेक गोष्ट जुळू लागली. पहिले काही दिवस मुंगी पोट धरून रडली आणि मग अचानक सगळे शांत झाले. सासूबाईंचे डोळे संध्याकाळी लाल दिसत. विचारले, तर त्या नजर चुकवत. आणि इमारतीच्या चौकीदाराचा तो कुत्रा! येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरणारे ते हाडकुळे जनावर हल्ली त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मुक्काम ठोकून होते आणि लोडासारखे गोल झाले होते.

“आई, खरं सांगा,” तिने त्याच संध्याकाळी विचारले, “तो पाव कोणाच्या पोटात जातो?”

“मुंगीच्या. दुसऱ्या कोणाच्या?”

“आणि तो कुत्रा काय हवा खाऊन फुगला?”

सासूबाईंच्या हातातले भांडे तसेच राहिले. “मी माझ्या हातानं ताटली तिच्यापुढे ठेवते. रिकामी झाली की उचलते. तुझा शब्द मी मोडलेला नाही.”

“खाताना तिच्याकडे बघत बसता?”

 सासूबाई भांडे घासू लागल्या. घासून झालेले भांडे त्यांनी पुन्हा घासायला घेतले, हे आईच्या नजरेतून सुटले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरात न जाता ती बाहेरच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपाआड उभी राहिली. कुत्रा आधीच हजर होता. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही; त्याचे डोळे खिडकीच्या गजांवर खिळले होते.

आत ताटली ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली. मग काहीच ऐकू येईना. आईने बोलायचे शब्द मनात जुळवून ठेवले होते. या घरात आपल्या पश्चात काय चालते, हे आज तोंडावर सांगायचे होते. आजवर झाकलेले सगळे उघडे करायचे होते.

कुत्रा उठून उभा राहिला. त्याची शेपटी हलू लागली. गजांतून एक हात बाहेर आला. त्यात पावाचा तुकडा होता.

तिने झडप घालून ते मनगट पकडले.

मनगट तिच्या मुठीत पुरते मावले आणि वर जागा उरली.

गजांपलीकडे, खुर्चीवर गुडघे टेकून, मुंगी तिच्याकडे टकमक पाहत होती. तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, सासूबाई टेबलाकडे पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी डोळे झाकले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

आईची मूठ आपोआप सैल झाली. पाव खाली पडला. कुत्र्याने तो उचलला.

मुंगीने मोकळ्या हाताचे बोट ओठांवर ठेवले.

“श्श! आजीला सांगू नकोस हं, आई,” ती कुजबुजली. “मी खाते असं तिला नुसतं वाटलं, तरी ती एवढी रडते. खरंच खाल्लं आणि माझं पोट दुखलं, तर केवढी रडेल!”