घरचं सर्टिफिकेट

"दाब यस, की झालं," नाना म्हणाले आणि सुनेच्या खुर्चीच्या पाठीवरचा हात त्यांनी काढूनही घेतला. त्यांच्या हिशेबी काम संपलं होतं.

सुनेने यस दाबलं नाही. पडद्यावर आलेली चौकट ती वाचत बसली.

जिन्याखालच्या कपाटात नानांनी घरचा सर्व्हर बसवला होता. सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, फायली आता घरातच राहणार होत्या. उभं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. अडचण एवढीच, की सर्व्हरच्या खरेपणाचं सर्टिफिकेट नानांनी स्वतःच बनवलं होतं, आणि घरातला एकही कॉम्प्युटर ते मानायला तयार नव्हता. सर्व्हर उघडला रे उघडला, की 'ही साइट सुरक्षित नाही' अशी लाल अक्षरांत बोंब. सर्टिफिकेट एकदा कॉम्प्युटरमध्ये बसवलं की बोंब बंद. मुलाने फोनवर बोलता बोलता यस दाबलं होतं. माईंनी तर चष्माही न लावता. राहिला होता सुनेचा डेस्कटॉप. ती समुपदेशक. लोक तिच्याकडे येऊन जे जगाला सांगत नाहीत ते सांगायचे, आणि त्याच्या नोंदी त्या डेस्कटॉपमध्ये होत्या. त्यांची एक प्रत सर्व्हरवर ठेवायची होती.

"बाबा, यस म्हटलं की तुम्ही ज्या साइटला खरी म्हणाल ती माझा कॉम्प्युटर खरी मानणार, असं लिहिलंय इथे. नुसता आपला सर्व्हर नाही, कुठलीही साइट. उद्या तुम्ही बँकेची खोटी साइट केलीत तरी?"

"तरी," नाना म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण मी कशाला करीन?"

"तुम्ही नाही हो करणार. पण ज्या गुप्त किल्लीने तुम्ही सर्टिफिकेट बनवता, तीच कुणी कॉम्प्युटरमधून पळवली तर?"

नानांना ते लागलं. अख्ख्या घराने डोळे झाकून यस म्हटलं, आणि कालपरवा घरात आलेली ही मुलगी उलटतपासणी घेतेय.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

सुनेचा चेहरा लाल झाला. माउसवरचा हात मात्र हलला नाही.

"आहे, म्हणून तर तोंडावर विचारतेय. नसता, तर मुकाट्याने यस दाबलं असतं आणि फायली दुसरीकडे ठेवल्या असत्या."

नाना जिन्याखाली गेले आणि कपाटासमोरच्या स्टुलावर बसले. राग आला होता, चांगलाच आला होता. पण एक्सचेंजमध्ये नव्या पोरांना ते स्वतःच दम भरायचे, की साहेबाने सांगितलं तरी वाचल्याशिवाय एक तार जोडायची नाही. आता घरात एकीने वाचलं होतं, तर साहेबाच्याच नाकाला मिरच्या. नानांना लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर पाठोपाठ आनंदही झाला. घरात आपल्या जातकुळीचं कुणीतरी आलं होतं.

सर्टिफिकेटला मर्यादा घालता येते, हे त्यांना माहीत होतं. घरच्या घरात कशाला, म्हणून त्यांनी कंटाळा केला होता. आता त्यांनी नवं बनवलं. ते फक्त घरातल्या मशीनची ग्वाही देणार, उंबऱ्याबाहेरच्या एकाही साइटची नाही.

"वाच," ते परत येऊन म्हणाले. तिने ती अट उघडून वाचली. मग तेच सर्टिफिकेट तिच्यापर्यंत पोचलंय ना, याची खात्री करायला नानांनी कपाटापाशी उभं राहून त्याचा आकडे-अक्षरांचा लांबलचक क्रमांक मोठ्याने म्हटला आणि तिने तो आपल्या पडद्यावर अक्षर न् अक्षर जुळवला. मगच यस दाबलं. सर्व्हर उघडला. बोंब नाही, काही नाही.

"आता ठेवते फायली," ती म्हणाली. नानांची छाती फुगली.

तसेच ते माईंच्या लॅपटॉपकडे गेले.

"पुन्हा?" माई म्हणाल्या.

"जुनं काढून नवं बसवायचंय. सुनेने माझी चूक काढली," नानांनी मान ताठ ठेवून सांगितलं. जुनं त्यांनी काढलं, नवं पुढे आणलं आणि लॅपटॉप माईंकडे वळवला. "हं, दाब यस, की झालं."

माईंचं बोट अर्ध्यावर थांबलं.

"इतक्याच घाईने लग्नालाही हो म्हणायला लावलं होतंत मला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मी काही वाचलं नव्हतं."

त्यांनी चष्मा शोधला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. नाना मागे उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"झालं का गं?"

"अहो, पहिलीच ओळ आहे अजून," माई म्हणाल्या. "बसा."