तुझो टाळ खंय गेलो?

नवे स्पीकर जोडून झाले तशी मी घाईघाईने कॅसेट लावली. तीस वर्षांपूर्वीचं आमच्या धामापूरच्या मंडळाचं भजन. बुवा म्हणजे बाबा, आणि टाळ वाजवणारा दहा वर्षांचा मी. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. ‘गुरुदास, पखवाज बरो वाजता. पण तुझो टाळ ऐकाक येणा नाय.’ दोन वर्षं ते हेच सांगत होते. त्यापायी मी आधी वायरी बदलल्या, मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि आता कोल्हापूरहून हे स्पीकर आणले. मला टाळ स्वच्छ ऐकू यायचा, पण बाबांच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास? भरल्या मंडपात एखादा टाळकरी किंचित मागे पडला तरी गाता गाता त्यांची मान त्याच्याकडे वळायची. मी आवाज वाढवला, वायरी पुन्हा आवळल्या, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. ‘पुरे करा ओ आता,’ स्वयंपाकघरातून नीरजा म्हणाली, ‘माझे कान किटले.’ माझं डोकंच फिरलं. कॅसेट बंद केली, देवाजवळच्या खुंटीवरचे तेच जुने टाळ ओढून काढले आणि बाबांच्या खुर्चीमागे उभं राहून जीव खाऊन वाजवले. नीरजा पिठाच्या हातांनी धावत आली. बाबांनी मान वळवली नाही. डोळे मिटूनच ते म्हणाले, ‘बंद कित्याक केलंस रे? परत लाव. तुझो टाळ खंय तरी आसतलोच.’