उसाच्या लॉरीचा रस्ता

मॉरिशसमधल्या प्लेन मान्येन गावात हवालदार परशुराम राहायचा, त्या गल्लीत उसाच्या लॉऱ्यांना बंदी होती. नियमापेक्षा त्याला नियमाचा दंडुकाच जास्त प्यारा. अठ्ठ्याहत्तरच्या ऊसतोडणीत त्याने दारासमोरच एक लॉरी अडवली. आत ड्रायव्हरची बायको त्याच्या शेजारी बाळंतकळांनी तळमळत होती.

"मिस्ये, साहेब, दवाखाना या गल्लीच्या टोकालाच आहे," ड्रायव्हर गयावया करू लागला.

"वळसा घालून जा," परशुराम हसत म्हणाला.

"अहो, जाऊ द्या तिला!" दारातून त्याची बायको पुष्पावती ओरडली. त्याने शिटी फुंकली.

वळशाच्या रस्त्यातच ती बाई गेली.

तेव्हापासून रोज दुपारी गल्लीतली माणसं एकदम कुंपणाला चिकटून उभी राहत. कोंबड्या फडफडत बाजूला होत. परशुरामला मात्र रस्ता रिकामाच दिसे.

"दिवसाढवळ्या ती लॉरी जाते, अन् तू नुसता बघत उभा!" शेजारच्या विद्यावतीमावशी एकदा खेकसल्या.

आपली टिंगल चालली आहे, असं वाटून दुसऱ्या दुपारी तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

माणसं कुंपणाला चिकटली. कोंबड्या पळाल्या. दोरीवरचे लांबचे कपडे हलले, मग जवळचे. ताज्या उसाचा वास आला.

त्याने दाराकडे पाहिलं. पुष्पावतीची नजर त्याच्यावर नव्हती. ती त्याच्या डोक्यावरून, ड्रायव्हर बसतो तेवढ्या उंचीवर बघत होती.

हात हलवत ती मायेने म्हणाली, "ये रे बाबा, ये. रस्ता मोकळा आहे."