भरलेला संगणक

विद्यापीठातल्या सगळ्या विभागांच्या सामायिक संगणकावर आपल्या संशोधनाचं सॉफ्टवेअर बसवताना त्या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या नाकी नऊ आले होते. तान्ह्या बाळांच्या डोळ्यांतली गाठ नुसत्या फोटोवरून ओळखायला संगणकाला शिकवायचं होतं, म्हणून ती हटली नाही. अखेर सॉफ्टवेअर बसलं, पण संगणकावरच्या कामांच्या रांगेत तिचं काम पुढेच सरकेना. चौकशी केली, तर सगळा संगणक तिच्याच मार्गदर्शक सरांनी अडवलेला.

“सर, एवढं कसलं काम चालू आहे?”

“काम कसलं? रिकामंच फिरवत ठेवलंय. संगणक मोकळा दिसला, तर पुढच्या वर्षी आपल्या विभागाचा वाटा कापतील.”

ती म्हणाली, “मग त्यावर माझंच काम चालवा ना.”

सर समजुतीच्या सुरात म्हणाले,


“तुझं चार दिवसांत संपेल गं. हे संपत नाही.”