मफिनचं पीठ

"रजई काढू नकोस!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "आत पीठ आहे."

नवरा टॉवेलने तोंड पुसत पलंगाशी उभा होता. रात्रपाळी करून आलेला, दुपारपर्यंत झोपलेला आणि आत्ताच उठलेला. तो तोंड धुवायला गेला तेवढ्यात तिने त्याच्या जागेवर मफिनच्या पिठाचं पातेलं ठेवलं होतं आणि वर त्याचीच रजई गुंडाळली होती. थंडीने कहर केला होता. स्वयंपाकघरात सकाळपासून पीठ ढिम्म हललं नव्हतं. यीस्टला ऊब लागते, आणि अख्ख्या घरात ऊब म्हणावी अशी ही एकच जागा होती. मेला अंगाने कायम तापलेला असायचा.

"मी घर सोडून चाललोय आणि तुला मफिन सुचतायत?"

"तू चाललास म्हणून मी उपाशी राहू?"

सकाळी कामावरून आल्या आल्या त्याने सांगून टाकलं होतं, की आजपासून तो भावाकडे राहणार. कायमचा. ती तेव्हा पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली होती, "किल्ली ठेवून जा." तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनाशी धरली होती: थांब म्हणायचं नाही. जीव गेला तरी नाही. म्हटलं नाही तर संध्याकाळी या घरात आपण एकट्याच उरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण ताठा तो ताठाच.

तो कपाटातले शर्ट बॅगेत कोंबू लागला. ती ताटलीत रवा पसरू लागली. हे केकसारखे गोड मफिन नव्हेत, चपटे पाव; ते रव्यावर घोळवायचे आणि मंद आचेवर, तव्यावर भाजायचे. भांडी जरा जास्तच वाजत होती.

"दुकानात आयते मिळतात," तो तिकडून म्हणाला.

"रबरासारखे असतात ते."

"तुझे विटांसारखे असतात."

"इतकी वर्षं विटाच गिळल्यास ना? एक तरी कधी उरली?"

त्याने बूट चढवले. नाड्या करकचून आवळल्या. बॅग खांद्याला लावली. किल्ली टेबलावर आपटली.

ती हात पुसत बाहेर आली. त्याच्याकडे न बघता थेट पलंगाकडे गेली, रजईचं टोक उचलून आत हात घातला.

"गार पडली."

"काय?"

"तुझी जागा. पीठ तसंच आहे. जरा पडून राहा इथे."

"मी?"

"नाहीतर काय, शेजाऱ्यांना बोलावू?"

त्याने बॅग दाराशी टाकली आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला, पातेल्याला पाठ लावून, भिंतीकडे तोंड करून. तिने दोघांवर रजई ओढली. चादरीवरचे बूटही तिने रजईखाली झाकले.

"पीठ फुगलं की मी निघालो," तो भिंतीला म्हणाला.

"निघ ना. अडवलंय कुणी?"

ती तव्यासमोर जाऊन बसली. तवा तिने तापवला नाही. बऱ्याच वेळाने उठली, दबक्या पावलांनी पलंगाशी आली आणि रजई अलगद दूर केली. पीठ काठोकाठ आलं होतं, वरचं फडकं टम्म उचललं गेलं होतं. इतकं सुरेख ते आजवर कधी फुगलं नव्हतं.

तो जागाच होता.

"फुगलं का?" त्याने वळून न बघता विचारलं. "जाऊ मी?"

तिने फडकं बाजूला केलं, बाही वर सारली आणि मूठ पिठात खोल दाबली. पीठ फुस्स करून तळाला बसलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."