एकतीस नंबरची चौकट

"मनं घर कोनतं शे, भाऊ? एकतीस नंबर."

जेवणाची सुट्टी होती. हाशमभाईंच्या तोंडात भाकरीचा घास होता. डब्यावरची मान न उचलता त्यांनी बोट केलं. "हे समोरचं, अक्का."

जळगावच्या या कारखान्यात घरं एका ओळीत उभी असतात आणि पुढे पुढे सरकतात. आधी लोखंडी सांगाडा, मग भिंती, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग. गावात कारागीर घरापाशी जातो. इथे घरच चालत कारागिरापाशी येतं. चौथ्या जागेवर हाशमभाई. सहा वर्षांत त्यांनी हजारावर चौकटी बसवल्या होत्या. सागवानी रंग दिलेली फायबरची चौकट, बारा स्क्रू, की झालं. इकडच्या गिऱ्हाइकाला उंबरा लागतोच, म्हणून कंपनी तोही चौकटीला जोडूनच देते. कामगार त्याच्यावर खुशाल बूट ठेवून ये-जा करतात.

कमलबाई अमळनेरहून एकट्याच आल्या होत्या. आपलं घर बनताना बघायला गिऱ्हाइकाला अर्धा तास मिळतो. बाकीचे लोक फोटो काढतात. कमलबाईंनी पिशवीतून नारळ काढला.

"उगवती कोनती बाजू शे, भाऊ?"

हाशमभाईंनी कँटीनकडे हात केला. दाराचं तोंड नेमकं उलटीकडे होतं. "काळजी करू नका अक्का. घर अजून वाटेतच आहे. शेतात उतरवतील तेव्हा उगवतीकडे तोंड करून उतरवतील."

कमलबाईंनी उंबरा पदराने पुसला. चौकटीला हळद-कुंकवाची बोटं लावली, पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड बांधून ते वरच्या पट्टीला अडकवलं, नारळ फोडला. मग त्यांनी कारागिराचं हत्यार मागितलं. हाशमभाईंनी स्क्रूचं मशीन पुढे केलं. त्यालाही कुंकू लागलं. शेवटी त्यांनी टॉवेल-टोपी काढून हाशमभाईंच्या हातावर ठेवली. पूर्वी हाशमभाई गावोगाव हिंडून लाकडी चौकटी बसवत, तेव्हा हा मान त्यांना दर घरी मिळायचा. कारखान्यात आल्यापासून हा पहिलाच. त्यांना बरं वाटलं.

"पहिलं घर बिनपूजानं उभं कयं, भाऊ. मना मालक वरीसभर टिकना नही," कमलबाई म्हणाल्या. "आते निवांत निजसू. उंबरावर कोनले पाय देऊ देऊ नका."

आणि दीडच्या गाडीसाठी त्या लगबगीने निघून गेल्या.

हाशमभाई डबा धुवायला घराच्या मागून निघाले, तेव्हा त्यांना मागच्या भिंतीवरचा लाल आकडा दिसला. बत्तीस.

सकाळी फरशी कमी पडली म्हणून तीस नंबरचं घर ओळीतून बाजूला काढलं होतं. मागची सगळी घरं एकेक जागा पुढे आली होती. हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी आकडा न बघता नेहमीच्या सवयीने बोट दाखवलं होतं. एकतीस नंबर पुढच्या जागेवर, वायरिंगला उभं होतं. त्याची चौकट कोरी. हळद-कुंकू लागलेलं घर शिरपूरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसचं होतं.

कमलबाईंना हे कधी कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुट्टी संपायला दहा मिनिटं होती, आणि दोन चौकटी काढून घालायला वीस तरी लागली असती. काम अडवलं की नावावर चिठ्ठी लागते. तीन चिठ्ठ्या झाल्या की माणूस घरी. हाशमभाईंच्या नावावर दोन होत्या.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि कुंकू लागलेलं मशीन उचललं.

भोंगा झाला तेव्हा दोन्ही घरं बिनचौकटीची होती. वायरिंगची पोरं एकतीस नंबरच्या दाराशी खोळंबली. तेवढ्यात सुपरवायझर प्रेमराज आला. शेतकऱ्याचं पोर, वयाने हाशमभाईंच्या मुलाएवढा.

"काय चाललंय, हाशमभाई? चौकट खराब निघाली?"

"नाही साहेब. चांगली आहे."

"मग?"

"ही त्या घरातली, ती या घरातली. मी बाईंना चुकीचं घर दाखवलं. त्या पूजा करून गेल्या."

प्रेमराजने घड्याळ पाहिलं. "अहो, सगळ्या चौकटी सारख्याच आहेत."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत होत्या, साहेब."

प्रेमराजने खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, वेळ लिहिली. "कारण काय लिहू?"

"लिहा, माणूस चुकला."

त्याने तसं लिहिलं. चिठ्ठी फाडली आणि ऑफिसच्या पेटीत टाकायच्या ऐवजी घडी करून आपल्या खिशात ठेवली. हाशमभाई चौकट एकट्याने सरळ धरायला धडपडत होते. एका हाताने चौकट, दुसऱ्याने मशीन. प्रेमराजने पुढे होऊन दुसरी बाजू धरली. पिवळ्या फडक्याला हात लागू नये म्हणून त्याने बोटं जरा खाली घेतली.

बारावा स्क्रू बसला. नऊ मिनिटं उशीर झाला होता. वायरिंगची पोरं तारांची भेंडोळी खांद्यावर घेऊन नेहमीसारखी धडाधड दारात घुसली.

"ए," प्रेमराज ओरडला, "उंबऱ्यावर पाय नको."