तिसऱ्या पाण्यात मीठ

“पहिलं पाणी फेक गं, दुसरंही फेक. तिसऱ्या पाण्यात मीठ घाल लेक.”

आईचा, अम्मचीचा, हा आवाज जान्सीच्या कानात लहानपणापासून होता. चुलीवर, ज्याचा साबुदाणा करतात त्या कडू कप्प्याचे कंद उकळत असायचे, झाकण भिंतीला टेकवलेलं असायचं, आणि अम्मची जात्यावर बसल्यासारखी हेलकावत हे म्हणायची. विष पाण्यात उतरतं आणि वाफेवर जातं, असं समजावून सांगणं तिला जमत नव्हतं. ती नुसतं म्हणायची.

आज अम्मचीला जाऊन वर्ष झालं. चर्चमागच्या कबरीवर मेणबत्त्या लागल्या, पाहुणे घरी येऊन जेवले आणि उतारावरून खाली गेले. जेवणात अप्पम होते, मटण होतं, चिंच घातलेली मासळी होती. कप्पा नव्हता. या घरात वर्षभर कप्पा शिजला नव्हता.

जाताना फिलोमिना आत्या पायरीवर थांबली आणि ऐकू जाईल इतपतच पुटपुटली, “लिहून लिहून आईला खाल्लं. आता ताटं पुसते बघा.”

जान्सी ताटं पुसत राहिली.

ती ब्लॉग लिहायची. मल्याळममध्ये, अम्मची बोलायची तसंच. झोपून असलेल्या माणसाला कुशीवर वळवताना उशी कुठं लावली, ठसका लागतो म्हणून पेज किती दाट केली, असलं. प्रत्येक लेखात घरातलं काहीतरी यायचंच. कडू कप्प्याच्या लेखात तर अम्मचीची तपकिरी कोंबडी होती. टाकून दिलेलं पहिलं पाणी प्यायली आणि कुंपणापाशी आडवी झाली ती. वाचणारे थोडे होते. पण मधूनच कुणी लांबची सून ताईला लिहावं तसं कळवायची, ‘चेची, तुमच्या उशीनं आमच्या सासूबाईंना डोळा लागला.’ त्या दिवशी जान्सी भांडी घासतानाही गुणगुणायची.

धाकटा भाऊ बिनोय हसायचा. कोचीत त्याचा तोच धंदा होता. लोक मोबाईलवर कुठले शब्द टाकून शोधतात ते हेरायचं, त्या शब्दांभोवती पान रचायचं, आणि ते सगळ्यांच्या वर आणायचं. मल्याळम, तमिळ, हिंदी, बंगाली, जिकडून गिऱ्हाईक येईल तिकडं.

“चेची, माणसाला कप्पा शिजवायचाय,” तो म्हणायचा, “तुझ्या कोंबडीच्या मयताला यायचं नाहीये.”

मग एकदा तिला विचारूनच त्यानं तो लेख उचलला. अम्मची काढली, कोंबडी काढली, कुंपण काढलं. चार ओळी उरल्या. त्या चारही भाषांत कशा वर गेल्या ते त्यानं अम्मचीच्या खाटेवर बसून कौतुकानं दाखवलं होतं. अम्मचीला त्यातलं काही कळलं नाही. लेकाचा चेहरा बघून ती हसली.

पुढं जान्सीला मुलीच्या बाळंतपणासाठी कोईमतूरला जावं लागलं. अम्मचीपाशी फुलमणी होती, झारखंडची, नुकतीच कामाला लागलेली. दोघी हातवाऱ्यांनी बोलायच्या आणि तेवढ्यावरच खूश असायच्या. अम्मचीला एका दुपारी कप्पा खावासा वाटला. तिनं खिडकीतून बोट दाखवलं. फुलमणीनं कुंपणालगतचे कंद उपटले. रानडुकरं नासधूस करतात म्हणून तिथं कडूच लावलेले असत. तिनं मोबाईलमध्ये बघितलं, झाकण ठेवून शिजवलं, आणि आधी अम्मचीला भरवलं.

जान्सी पोचली तेव्हा इस्पितळात चादर वर ओढलेली होती. फुलमणी रडत पुन्हा पुन्हा सांगत होती, फोनमध्ये होतं तसंच केलं, दीदी, तसंच केलं. तिनं फोन पुढं केला. जान्सीनं बघितलं, आणि फोन तिच्या हातात परत देऊन तिची मूठ मिटली.

तेवढ्यात बिनोय आला. अम्मचीच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. त्याला कुणालाच उठवता येईना. हे कसं झालं, असं त्यानं विचारलं तेव्हा जान्सी म्हणाली, “माझं वाचून केलं तिनं.”

त्यानं डोळे पुसले. मग एवढंच बोलला, की शेवटपर्यंत कोण वाचतं, धोका पहिल्या ओळीत लिहायचा असतो.

त्याच आठवड्यात जान्सीनं सगळे लेख पुसून टाकले. उशी गेली, पेज गेली, कोंबडी गेली. अम्मचीचा आवाज जिथं जिथं लिहून ठेवला होता तिथून गेला. गाव बोललं ते तिनं ऐकून घेतलं. फुलमणी तिच्या गावी निघून गेली होती. बिनोय वर्षभर फिरकला नाही.

आता तो पायरीवर बसला होता. जान्सीनं त्याच्यासाठी काळा चहा आणला. त्यानं फुंकर घालून दोन घोट घेतले.

“चेची, मी तुला माफ केलंय,” तो म्हणाला. “फार जड गेलं. पण केलं.”

ती त्याच्या शेजारी बसली.

“तू परत लिही. माझी पानं आता कुणी उघडत नाही. लोकांना माणसाचं हवंय, स्वतःवर गुदरलेलं. तू म्हणायचीस तेच.” त्यानं तिचा हात हातात घेतला. “अम्मचीचंच लिही. तुझ्या हातून काय राहिलं, ते लिही. कुणाची तरी आई वाचेल.”

“माझ्यानं नाही व्हायचं, मोने, बाळा.”

“का नाही? मी वर आणतो ते.”

“खरं लिहायचं?”

“खरंच लिही. नाहीतर काय उपयोग?”

उतारावर कुणाच्या तरी चुलीचा धूर वर येत होता. तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला, अम्मची फिरवायची तसा.

“बिनोय,” ती म्हणाली, “फुलमणीला मल्याळम वाचता येत नव्हतं.”